मशीन उठेपर्यंत

काकांचं नाव मी इथे लिहिणार नाही. लिहावं असं फार वाटत होतं. गेलेल्या माणसाबद्दल लिहायचं आणि त्याचं नावच गाळायचं, हा मला पळपुटेपणा वाटतो. म्हणून रायपूरच्या पुरानी बस्तीत जाऊन काकूंना विचारलं. त्या ओट्यावर लाल भाजी निवडत बसल्या होत्या.

"त्याइले विचारलं होतं का तू, नाव छापू म्हणून?"

"नाही."

"मंग?" एवढंच म्हणून त्यांनी भाजीचं ताट माझ्याकडे सरकवलं. म्हणजे विषय संपला, आता कामाला लाग.

त्या एका शब्दावर मी भाजी निवडायला का बसले, हे सांगायचं तर आधी काकांच्या मशीनबद्दल सांगावं लागेल.

मशीन म्हणजे एक जुना, जाडजूड लॅपटॉप. काका त्याला लॅपटॉप कधी म्हणाले नाहीत. तो टेबलावरून हलत नसे, कारण त्याची बॅटरी केव्हाच मेली होती. वायर निघाली की मशीन बंद. काका रेल्वेच्या कचेरीत हिंदी टायपिस्ट होते. विदर्भातून बदलीवर रायपूरला आले आणि रिटायर झाल्यावर इथेच राहिले. घराच्या पुढच्या खोलीत मशीन, प्रिंटर आणि गिऱ्हाइकांसाठी एक लाकडी बाक. दारावर पाटी: लग्नपत्रिका, तेरवीचे कार्ड, अर्ज. पण त्यांचं खरं काम पाटीवर नव्हतं. उरला या शहराबाहेरच्या कारखान्यांच्या भागातल्या रोलिंग मिलमध्ये ठेकेदाराच्या हाताखाली राबणाऱ्या मजुरांचे परचे ते तयार करून देत.

पत्रकाला आमच्याकडे परचाच म्हणतात. मी परच्यांवर वाढले. वडील उरल्याला फिटर होते. ड्यूटी सुटली की युनियन. उरलेल्या परच्यांचे गठ्ठे घरात पडलेले असायचे. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवली, आणि आईने त्यांच्याच पुड्यांत जिरं-मोहरी बांधली. मोठी झाल्यावर स्वतः परचे लिहायला लागले, तेव्हा मजकूर घेऊन वडिलांनी मला काकांकडे पाठवलं. काकांनी कागद वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "आठ ओळी, अन् अकरा उद्गारचिन्हं. काहून वं, एवढी घाई?"

"काका, ती मुद्दाम घातली आहेत."

"शिट्टी मारून गाडी पुढं जात नाई, पोट्टे. इंजिन पाह्यजे." आणि त्यांनी सगळी चिन्हं काढून टाकली. त्या दिवसापासून त्यांच्यासाठी मी 'लाल मिरची' झाले. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, शंकाच आहे.

त्यांच्या तऱ्हा अशाच होत्या. परच्याची पहिली प्रत निघाली की ती हातात धरून ते दारात उभे राहत आणि गल्लीकडे तोंड करून मोठ्याने वाचत. भाजीवाला थांबे, समोरच्या देवळातला पुजारी बाहेर डोकावे. काकांचं म्हणणं असं, की जी गोष्ट दिवसाउजेडी रस्त्यात उभं राहून वाचायला जीभ अडखळते, ती छापू नये. एकदा माझ्या परच्यात ठेकेदाराला मी 'खून पिणारा राक्षस' म्हटलं होतं. ते वाचताना काका मध्येच थांबले आणि पुजाऱ्याला विचारलं, "महाराज, राक्षस गेटपास देतो का?" पुजारी हसला. मी चिडले. वाक्य गेलं.

पण सगळ्यात मोठी तऱ्हा म्हणजे मशीन सुरू करण्याची. ते मशीन फार सावकाश उठायचं. बटण दाबलं की आधी घरघर, मग काळा पडदा, बऱ्याच वेळाने कंपनीचं चिन्ह, आणखी वेळाने निळा पडदा, मग काकूंचा फोटो आणि सगळ्यात शेवटी तो जुना प्रोग्रॅम, ज्यात काका अक्षरं जुळवत. रेल्वेच्या माणसाने या टप्प्यांनाही सिग्नलची नावं दिली होती. चिन्ह दिसलं की 'डिस्टंट मिळाला', म्हणजे स्टेशनाच्या बऱ्याच अलीकडचा सिग्नल; निळा पडदा आला की 'होम मिळाला', म्हणजे स्टेशनाच्या तोंडाशीचा. काकूंचा फोटो आला, म्हणजे गाडी फलाटावर.

तोवर आलेला माणूस बाकावर बसून राही. जाणार कुठे? बटण दाबल्याचा आवाज ऐकूनच काकू आतून चहाचं आधण ठेवत. मग काका त्या माणसाची उलटतपासणी घेत. हे तू डोळ्याने पाहिलंस की ऐकलंस? ज्याच्याबद्दल सांगतोयस त्याला विचारलंस का? आणि शेवटचा प्रश्न नेहमी एकच. मजूर बहुतेक छत्तीसगढी, त्यांच्याशी काका त्यांच्याच बोलीत बोलत: "तोर नाव छापँव का?" तुझं नाव छापू का?

हा प्रश्न ते एकदा विचारून थांबत नसत. डिस्टंटला एकदा, होमला एकदा आणि गाडी फलाटाला लागल्यावर पुन्हा एकदा. पहिल्यांदा प्रत्येक जण छाती काढून "हव" म्हणे. हव म्हणजे हो. दुसऱ्यांदा विचारलं की माणूस जरा थांबे. तेवढ्यात चहा येई. तिसऱ्यांदा विचारेपर्यंत त्याला घर आठवलेलं असे, म्हातारी आई आठवलेली असे, आणि बरेच जण कपाकडे बघत म्हणत, "झन छाप काका." नको छापू. काका मान डोलवत. त्यांच्या चेहऱ्यावर त्या माणसाबद्दल कधी कमीपणा दिसला नाही. जे तिसऱ्यांदाही "हव" म्हणत, त्यांचं नाव मात्र ठळक अक्षरात पडे.

याच गोष्टीवरून आमचं भांडण होई. बिननावाचा परचा म्हणजे अंधारात मारलेली थप्पड, असं मी म्हणे. ठेकेदार बेधडक नाव सांगून माणसं कामावरून काढतो, आणि आम्ही खरं बोलताना नाव लपवायचं?

"नाव तू छापशील, भाकर त्याची जाईल," काका म्हणत. "ज्याची भाकर त्यानं सांगावं. अन् सांगाले त्याले टाइम पाह्यजे."

मग एका उन्हाळ्यात मशीनमधून आवाज येऊ लागला. कट्, थोडं थांबून पुन्हा कट्. मी कान लावला आणि सांगितलं, "काका, हार्ड डिस्क चालली. नवा लॅपटॉप घ्या, सगळं पेनड्राइव्हवर काढून देते."

एक परचा मी माझ्या लॅपटॉपवर उघडूनही दाखवला. पडद्यावर देवनागरीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि कंस सांडले होते. काकांनी वाकून पाहिलं. "वा. मजुराचा परचा साहेब झाला."

अडचण खरी होती. त्यांचा फॉन्ट जुन्या पद्धतीचा. तो प्रोग्रॅम बनवणारी कंपनी बंद पडलेली, त्याची सीडी हरवलेली. बोटं मात्र तीस-पस्तीस वर्षं त्याच कळांवर फिरलेली. नव्या मशीनवर सगळं पहिल्यापासून शिकायचं, तर काकांचं काम तिथेच संपलं असतं. मग उरल्याच्या लोकांनी परचे कोणाकडून घ्यायचे? बाजारातल्या कॉम्प्युटरवाल्यांनी दुसऱ्याच दिवशी मजकूर ठेकेदाराला नेऊन दाखवला असता. असं एकदा झालंही होतं.

पंडरी बाजारातल्या एका कॉम्प्युटर दुकानदाराने मार्ग सांगितला. डिस्क नवी घ्या, बिनचाकाची, आतून काहीच न फिरणारी. आणि जुन्या डिस्कवरचं सगळं, म्हणजे सिस्टिम, प्रोग्रॅम, फॉन्ट, जसंच्या तसं तिच्यावर उतरवा. काहीच पुन्हा टाकावं लागणार नाही. "छोड़ जाइए अंकल, शाम को ले जाना."

मशीन पहिल्यांदाच टेबलावरून उठलं होतं आणि काका ते छातीशी धरून दुकानात उभे होते. "माह्या डोयासमोर होईन, तर करतो."

म्हणून ते काम मी त्यांच्या घरी केलं. नवी डिस्क एका डबीत बसवून वायरने मशीनला जोडली. बाहेर ऊन आग ओकत होतं. मशीन तापून बंद पडू नये म्हणून काकांनी ते कूलरसमोर ठेवलं आणि खाली ओली पट्टी घातली.

"मले ताप आला तवा पट्टी शोधून नाई भेटली ह्याइले," काकू म्हणाल्या.

"तुह्या अंगात परचे हायेत का?"

"एक वाचून दाखवू का गल्लीत?"

कोणतं कोणावर उतरवायचं ते निवडायची वेळ आली, तेव्हा काकांनी माझा हात धरला. इथे चूक झाली तर कोरी डिस्क जुनीवर उतरेल आणि सगळं पुसलं जाईल, हे मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. "थांब. हे जुनं? हे नवं? पुन्हा वाच." मी वाचलं. "अजून एकडाव वाच." मी वाचलं. मग त्यांनी हात सोडला.

बॅटरी नव्हतीच, म्हणून खरी भीती लाइट जाण्याची होती. काकांनी डोक्याला दुपट्टा बांधला आणि ते भर उन्हात गल्लीत जाऊन उभे राहिले. शेजाऱ्याने पाण्याची मोटर लावली की फ्यूज उडतो, हा अनुभव होता. "भैया, आज मोटर मत चलाओ, घर में ऑपरेशन चल रहा है." शेजारीण घाबरून काकूंना बघायला आली. काकू धडधाकट चपात्या लाटताना दिसल्या, तेव्हा तिने काकांना जे सुनावलं ते आम्ही आत ऐकत होतो.

संध्याकाळी मी जुनी डिस्क काढून नवी बसवली. काकांनी बटण दाबलं आणि सवयीने खुर्चीत मागे टेकले.

टेकता टेकताच काकूंचा फोटो आला.

काका पुढे झुकले. फोटो तोच, फॉन्ट तोच, प्रोग्रॅम तोच, दर वेळी चुकणारं घड्याळही तसंच चुकलेलं. फक्त आवाज नव्हता, आणि मधलं काहीच नव्हतं. "डिस्टंट कुठं गेला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आला आणि गेला. ते लहान मुलासारखे हसले. पुढचे काही दिवस येईल त्याला बसवून मशीन बंद करून चालू करून दाखवत होते. काकू चहाचं पातेलं घेऊन उभ्या: "उठली?" पुढच्या खोलीतून उत्तर: "उठली, अंघोळ करून कामालेही लागली."

काय गेलं, हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

मग एक माणूस आला, ती सकाळची वेळ होती. त्याचंही नाव मी लिहीत नाही. उरल्याच्या मिलमध्ये तो ठेकेदाराकडे होता. बाहेर त्याचा जोडीदार मोटरसायकल चालूच ठेवून उभा होता. हा बाकाच्या काठावर टेकला आणि एका दमात सांगू लागला. काल शिफ्टमध्ये तापलेली सळी उसळून एकाचा हात कोपरापर्यंत भाजला. ठेकेदार म्हणतो, हा कामावर नव्हताच, कुठे भाजला ते आम्हाला माहीत नाही. त्याला घरी नेऊन टाकलंय आणि हाताला हळद लावलीय. "मैं अपन आँखी ले देखे हंव, काका. मोर बाजू में रिहिस." मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, तो माझ्या बाजूलाच होता.

काकांनी बटण दाबलं होतं आणि मशीन कधीच उठलं होतं. त्याने बोलावं आणि काकांनी टाइप करावं, असं चाललं. त्या बोलण्याच्या ओघात तो म्हणाला, मी अमुक, अमक्याचा मुलगा, हे पाहिलं आहे. काकांची बोटं तीही ओळ टाइप करून गेली. बाहेर हॉर्न वाजला. कागद प्रिंटरमधून निघाला तो त्याने थेट उचलला. दारात वाचून झाला नाही. मी तिथेच होते, आणि मला तो परचा फार आवडला. आमच्या गेटवर वाटल्या गेलेल्या परच्यांत तो सगळ्यात सरळ, सगळ्यात खरा होता.

काकू चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा बाक रिकामा होता.

"गेला?"

"घाई होती त्याले," काका म्हणाले. आणि मग त्यांनी त्या कपाकडे पाहिलं. माझ्याकडे वळून म्हणाले, "मी त्याले विचारलं का गं?"

चप्पल घालून काका बाहेर धावले. त्या वयात त्यांना धावताना मी पहिल्यांदाच पाहिलं. पण मोटरसायकल केव्हाच मोठ्या रस्त्याला लागली होती. फोन लावला, उचलला नाही. त्या एका कागदाच्या झेरॉक्स निघाल्या आणि दुपारच्या शिफ्टला परचा गेटवर वाटला गेला.

परचा जिंकला, हे मला सांगितलंच पाहिजे. नावानिशी साक्षीदार उभा आहे म्हटल्यावर ठेकेदाराला मागे हटावं लागलं. भाजलेल्या माणसाला दवाखान्यात दाखल केलं, त्याचा हात वाचला. आणि त्याच आठवड्यात साक्ष देणाऱ्याचा गेटपास रद्द झाला. पुढे उरल्यात त्याला कोणी उभं केलं नाही. ठेकेदार एकमेकांशी भांडतात, पण अशी नावं एकमेकांना न चुकता कळवतात. आम्ही गेटसमोर बसलो, घोषणा दिल्या, दोन परचे आणखी काढले. काही झालं नाही.

काकांना मी म्हटलं, "त्याने हो म्हटलं असतं, काका. तीनदा विचारलं असतं तरी हो म्हटलं असतं."

"म्हटलं असतं. शायद म्हटलंच असतं," काका म्हणाले. "पण मंग थे त्याचं राह्यलं असतं. आता थे माह्यं झालं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं. "जुनीच लावून दे." मी समजावलं, पण ते ऐकेनात. जुनी डिस्क बसवली. घरघर झाली, काळा पडदा आला. काका बाकावर, गिऱ्हाइकाच्या जागी जाऊन बसले. कट्, कट्. काकूंनी आत आधण ठेवलं. चहा झाला, पिऊन झाला. कंपनीचं चिन्ह काही आलं नाही. ती डिस्क डिस्टंटलाही पोचली नाही. अंधार पडेपर्यंत बसून शेवटी मी पुन्हा नवी लावली. क्षणात काकूंचा फोटो. काकांनी झाकण बंद केलं.

झाकण बंद ठेवून बोलायचा प्रयोगही त्यांनी करून पाहिला. पण लोक म्हणत, "काका, मशीन तो चालू है, टाइप करो ना." थांबायला काही कारणच उरलं नव्हतं. आधी मशीनसाठी सगळे थांबत. काकांसाठी थांबायला कोणाला सवड नव्हती, आणि ज्याची शिफ्ट गाठायची आहे त्याला मी तरी काय बोल लावू?

मग त्यांनी परचे बंद केले. मी भांडले. ठेकेदाराला हेच हवं आहे म्हणाले, आणखी बरंच काही म्हणाले. शेवटी म्हणाले, "तुम्ही भ्यालात."

"हव," काका म्हणाले. "भ्यालो."

एवढं बोलून त्यांनी एका तेरवीच्या कार्डाचं शुद्धलेखन तपासायला घेतलं. मला वाटायचं, हा माणूस पुन्हा उभा राहील, थोडे दिवस जाऊ दे. परचा त्यांनी पुढे कधीच काढला नाही. परचे आता मी माझ्या लॅपटॉपवर बनवते. अक्षरं सुबक येतात. काकांची जोडाक्षरं जरा लंगडी असत, दुरून ओळखू येत. गेटवरचे जुने लोक अजून विचारतात, वो वाला परचा अब क्यों नहीं आता.

त्यांना शेवटचं टाइप करताना मी पाहिलं ते साक्ष देणाऱ्या त्याच माणसासाठी. तो आता पंडरीच्या कापडबाजारात गाठी उचलतो. खांद्यावर गमछा टाकून एका दुपारी दारात उभा राहिला. मुलीचं लग्न ठरलं होतं, पत्रिका छापायची होती. काकांनी त्याला बाकावर बसवलं आणि बटण दाबलं. काकूंचा फोटो लगेच आला. काकांनी कळांना हात लावला नाही.

"तोर नाव छापँव का?"

तो हसला. लग्नपत्रिकेवर मुलीच्या बापाचं नाव छापू का, असं कोणी विचारतं? "हव काका."

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. काकांनी पुन्हा विचारलं. आता तो हसला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग मशीनकडे. काकू चहा घेऊन आल्या. त्यांनी कप थेट त्याच्या हातात दिला आणि तिथेच उभ्या राहिल्या.

"तोर नाव छापँव का, बेटा?"

"छाप दे, काका," तो हळूच म्हणाला. "अब कोन निकालही मोला." आता मला कोण काढणार.

काकांची मान खाली गेली. "पहिली चहा पी ले," ते म्हणाले.

चहा फार गरम होता. त्याने बशीत ओतून, फुंकर घालून, घोट घोट करत प्यायला. तोवर पडदा आपोआप काळा झाला. कोणीही त्याला हात लावला नाही. त्याने कप बशीवर ठेवला, गमछ्याने तोंड पुसलं. काकूंनी कप उचलला, आत पाहिलं आणि काकांना म्हटलं, "चहा पेला त्यानं."

मग काकांनी पडदा उजळला, आणि गणपतीच्या ओळीच्याही आधी, कोऱ्या पानाच्या मधोमध, त्याचं नाव टाइप केलं.